शेतावर स्वतः घर बांधताय? या चुका टाळा

मे महिन्यात जमीन बघितली की कुठेही घर बांधावंसं वाटतं. मीही तेच केलं. ताम्हिणीच्या बाजूला, वीज नाही नि नळही नाही अशा रानात, आंब्याखालची सपाट जागा बघून चुन्याची फक्की मारून घराची आखणी केली. जूनच्या अखेरीस पडवीत घोटाभर पाणी! शेजारचे काका येऊन बघून गेले. म्हणाले, "हितं आम्ही भाताची रोपं टाकायचो." वरच्या अंगाला चर खणून पाणी वळवलं तेव्हा कुठे जोतं सुकलं. जमेल त्याने एक पावसाळा ताडपत्रीच्या खोपटात काढावा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं ते बघून मगच आखणी करावी.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा ही सगळ्यात महागाची हौस. तळातून ओल चढते, पण सिमेंटमुळे तिला बाहेर पडता येत नाही. दोन पावसाळ्यांत गिलावा पोकळ वाजायला लागतो नि मागची माती भुसभुशीत होते. तसं झालं असेल तर वरून डागडुजी करू नका. सगळा खरवडून माती-चुन्याचा गिलावा करा. जोतं दगडाचं, निदान दोन फूट. छपराची पाखं तीन फूट पुढे काढा आणि पागोळ्या पडतात तिथे खडी पसरा, म्हणजे चिखल भिंतीवर उडत नाही.

पाण्याच्या हिशोबात भलेभले चुकतात. 1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 40 चौरस मीटर छप्पर, 3000 मिलिमीटर पाऊस, म्हणजे सव्वा लाख लिटरच्या आसपास! ऐकून छाती फुगते, पण टाकी 5000 लिटरची असेल तर उरणार तेवढंच. ऑक्टोबर ते मे धरा 240 दिवस. चार माणसांना पिण्या-रांधण्यापुरतं रोज 20 लिटर घेतलं तर टाकी जेमतेम पुरते. त्यातच आंघोळी केल्यात तर दिवाळीनंतर महिनाभरात खडखडाट. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडा; छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण त्यातच असते.

सोलर बसवला, पण पंप कुथतोय? आधी वायर बघा. 12 व्होल्टची लाईन 30 मीटर लांब नेली, वायर 2.5 चौरस मिलिमीटरची आणि करंट 5 अँपिअर, तर वाटेतच दोनेक व्होल्ट गळतात. बॅटरी पंपाजवळ आणा नाहीतर जाड वायर टाका. पॅनेलचा हिशोब मेच्या उन्हावर करू नका, जुलैत पस्तावाल. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये आणि झोपायच्या खोलीत तर ठेवूच नये. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

संडासाला दोन शोषखड्डे करतात आणि दोन्ही एकदमच चालू ठेवतात. मग दुसरा कशाला खणला? संडासाचा पाइप जिथे दोन खड्ड्यांकडे फुटतो त्या चेंबरमध्ये एक तोंड बंद ठेवायचं. पहिला भरला की दुसरा सुरू, आणि पहिला निदान वर्ष-दीड वर्ष झाकलेला. तळाला काँक्रीट घालू नका, पाणी मुरणार कुठे? विहिरीपासून 50 फूट लांब आणि उताराला खालच्या बाजूला. पावसाळ्यात खड्ड्यात खालूनच पाणी वर येत असेल तर उपसत बसण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात भर घालून खड्डा उंचावर बांधून घ्या.