डेटाबेसमधून छापील अर्ज काढायचे, तर आधी कागद पाहा

बीसीए झाल्यावर माझं पहिलं काम यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सेवा सहकारी सोसायटीचं होतं. सभासदांची नावं, आठ-अ, गट नंबर, जामीनदार असं सगळं मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये, म्हणजे अ‍ॅक्सेसमध्ये भरलेलं होतं. त्यावरून खरीप कर्जाचे अर्ज आणि वसुलीच्या पावत्या छापायच्या होत्या. छपाईला दोन दिवस पुरतील असं मी धरून चाललो होतो. लागला दीड महिना, आणि तोही मे-जूनचा. पेरणी तोंडावर आलेली असताना माणसं कागदासाठी ताटकळली, याचं मला अजून वाईट वाटतं.

कॉलेजात पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो होतो, म्हणून पीडीएफ बनवायला तिच्यातल्या एफपीडीएफ या लायब्ररीची (तयार कोडच्या संचाची) युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरंही घेणारी आवृत्ती घेतली. इंग्रजी मजकूर नीट आला. मराठीत मात्र ‘किसन’चं ‘कसिन’ दिसू लागलं, आणि ‘अर्ज’मधला रफार वर न चढता पाय मोडलेला ‘र’ म्हणून खालीच उभा राहिला. गटसचिव म्हणाले, “भाऊ, नावच चुकून राह्यलं तं ब्यांक हा कागद घेईन काय?”

मी आठवडाभर फॉन्ट बदलत बसलो. दोष फॉन्टचा नव्हताच. ‘कि’ साठवताना आधी क येतो, मग वेलांटी. दिसताना वेलांटी आधी. हा क्रम लावणं, जोडाक्षरं जुळवणं, रफार चढवणं हे काम हार्फबझसारखा वेगळा भाग करतो. ब्राउझर, वर्ड, लिबरऑफिस यांच्यात अशी सोय असते. पीडीएफ बनवणाऱ्या कित्येक हलक्या लायब्ररींमध्ये ती नसते. एमपीडीएफ या लायब्ररीत योग्य सेटिंग केल्यावर मराठी नीट येतं, वीझीप्रिंट या लायब्ररीतही येतं. म्हणून कुठलीही पद्धत निवडण्याआधी ‘किसन’, ‘अर्ज’, ‘ज्ञानेश्वर’, ‘शेतकऱ्याचे’ हे चार शब्द छापून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये भरलेला डेटा असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये आणा. त्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग कागद हातात घ्या. आमच्या पावत्या तीन प्रतींच्या, कार्बनच्या. कार्बनवर ठसा उमटायला पिनेचा दाब लागतो. लेझर प्रिंटर तिथे कामाचा नाही. म्हणून पावतीला डॉट मॅट्रिक्स आणि अ‍ॅक्सेसचाच रिपोर्ट ठेवला. छापील पावतीवर पट्टी लावून प्रत्येक रकान्याचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजलं आणि रिपोर्टमध्ये फक्त भरायचा मजकूर त्या जागी बसवला.

कर्जमागणी अर्जाचं दुखणं वेगळं होतं. त्यातल्या अटींची वाक्यं वरून बदलून यायची. दर वेळी मला बोलावण्यापेक्षा गटसचिवांना स्वतः बदलता यावीत, म्हणून तो वर्डच्या मेल मर्जमध्ये (एकाच साच्यात यादीतली माहिती आपोआप भरणाऱ्या सोयीत) केला. तिथे तारखेने फसवलं: ५ जूनची तारीख ०६/०५ अशी, महिना आधी घेऊन आली, आणि आपल्याकडे ती ६ मे वाचली जाते. तारखेचा साचा त्या फील्डमध्ये स्वतः लिहावा लागतो. रकमेचंही तसंच, दशांशांची लांब शेपटी येऊ शकते.

मेल मर्ज मुळात टेबलातल्या एका ओळीमागे एक अर्ज काढतो. एकाच शेतकऱ्याचे सात गट नंबर तक्त्यात दाखवायचे म्हटलं की तो अडतो. म्हणून जमिनीचा तपशील मी एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानासारखा केला आणि ब्राउझरमधून छापला. पानाचं माप वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये २१० बाय २९७ मिलिमीटर दिलं, तक्त्याचं शीर्षक पुढच्या पानावरही येईल असं पाहिलं. छापताना स्केल १०० टक्के ठेवायचं. ‘पानात बसवा’ निवडलं की मापं हलतात. आज नवं काम घेतलं तर मी याच वाटेने जाईन. जुन्या धड्यांमध्ये डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ हे एचटीएमएलची पीडीएफ करणारं साधन सुचवलेलं दिसेल, पण त्याचा प्रकल्प २०२३ मध्ये बंद करून ठेवला आहे. नव्याने त्यावर उभारू नका.

सहीसाठी दिलेल्या प्रत्येक अर्जाची पीडीएफ त्याच दिवशी जपून ठेवा. साचा बदलल्यावर जुना अर्ज पुन्हा काढला, तर शेतकऱ्याने सही केलेली वाक्यं त्यावर नसतील.

आणि टेबलात तपासणीसाठी एक सभासद कायमचा ठेवा: सगळ्यात लांब नावाचा, अकरा गट नंबरांचा, जामीनदाराचा रकाना रिकामा असलेला. साच्यात काहीही बदललं की पहिला अर्ज त्याचा छापायचा.