'इन्क्लाइन्ड' लिहिताना या चुका टाळा

नोकरीचे अर्ज आणि ऑफिसची पत्रं यांचं इंग्रजी तपासून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यात 'इन्क्लाइन्ड', म्हणजे कललेला, दिसला की लाल पेनाचं टोपण आपोआप निघतं. खरं तर मराठी माणसाला हा शब्द जड जायचं कारण नाही. आपल्याकडे भिंत कलते, उन्हं कलतात, आणि मुलीचा कल चित्रकलेकडे असतो. उतार आणि मनाची ओढ एकाच शब्दात बसवायची सवय आपल्याला आहेच. घोळ होतो तो शब्दाच्या वजनात.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला नोकरीची ऑफर आली. पठ्ठ्याने हरखून उत्तर धाडलं: 'आय ॲम इन्क्लाइन्ड टू ॲक्सेप्ट युवर ऑफर.' त्याला म्हणायचं होतं, मी आनंदाने येतो. तिकडे वाचलं गेलं, 'यावं असं सध्या तरी वाटतंय'. चार दिवसांनी फोन आला: पक्कं कधी कळवताय, दुसरीकडेही बोलणी चालू आहेत का? याचा चेहरा पांढराफटक. हा शब्द का घातलास, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, 'ॲक्सेप्ट' नुसतं फार साधं वाटत होतं." समानार्थी शब्दांची यादी उघडायची आणि त्यातला सगळ्यात भारदस्त शब्द उचलायचा, ही घाई मला मुळीच सोसत नाही.

गंमत म्हणजे तिथेच रुजू झाल्यावर त्याने उलटी चूक केली. वरिष्ठांनी लिहिलं, 'आय ॲम नॉट इन्क्लाइन्ड टू अप्रूव्ह धिस.' याला वाटलं, साहेबांचा आज मूड नाही, सोमवारी पुन्हा विचारू. विचारलंही. अरे बाबा, ते सभ्य भाषेतलं 'नाही' होतं!

माझी सवय सांगते. 'इन्क्लाइन्ड'च्या जागी मनात 'बहुतेक असंच वाटतंय' घालून वाक्य वाचायचं. 'आय ॲम इन्क्लाइन्ड टू ॲग्री' इथे चालतं, कारण पटतंय, पण पूर्ण शब्द द्यायचा नाही. होकार द्यायचा असेल तर सरळ 'आय ॲक्सेप्ट' लिहा. कुणी हसणार नाही.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे 'प्रोन'. यादीत दोन्ही शब्द शेजारी असतात, म्हणून शिफारसपत्रात येतं: 'शी इज प्रोन टू हार्ड वर्क.' जणू मुलीला कष्टाचे झटके येतात! 'प्रोन' म्हणजेही कल असलेला, पण नकोशा गोष्टींकडे: अपघात, आजार, विसरभोळेपणा. त्याचा दुसरा अर्थ पालथा. कोविडमध्ये ऑक्सिजन वाढावा म्हणून रुग्णांना पालथं झोपवत, ते याच शब्दाने. आज पाऊस पडेलसं वाटत असेल तर तिथे 'इन्क्लाइन्ड' नको, 'लाइकली'. पण म्हणून 'इन्क्लाइन्ड फक्त माणसांना' असा नियम पाठ करू नका. पावसाळ्यात फुगणारं दारही 'इन्क्लाइन्ड टू स्टिक' असतं. अडकायची त्याला खोडच असते.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. 'आय ॲम इन्क्लाइन टू' नाही, शेवटचा 'ड' हवाच. 'इन्क्लाइन्ड टू गोइंग' नाही, 'टू गो'. 'इन्क्लाइन्ड इन सायन्स' नाही, 'टुवर्ड्स सायन्स'. 'म्युझिक इन्क्लाइन्ड' नाही, 'म्युझिकली इन्क्लाइन्ड'. आणि त्याचा अर्थ गाण्याचं अंग आहे एवढाच, गळा तयार आहे असा नव्हे.

उताराचा अर्थ आला की मंडळी घाटरस्त्यालाही 'इन्क्लाइन्ड रोड' म्हणतात. खड्या रस्त्याला 'स्टीप' म्हणा. 'इन्क्लाइन्ड प्लेन' म्हणजे शाळेतली उतरण, ट्रकमध्ये पिंप चढवायला टेकवतात ती फळी. आणि चढ हे नाम हवं असेल तर 'इन्क्लाइन'. खंडाळ्याचा रेल्वेघाट १८६३ साली सुरू झाला, तो इंग्रजी कागदपत्रांत 'भोर घाट इन्क्लाइन'. चढ ३७ फुटांना १ फूट, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लावतात. या घाटावर निबंध दिला की हमखास 'द इन्क्लाइन्ड वॉज बिल्ट' असं वाक्य येतं. एरवी खाल्लेला 'ड' नेमका इथे, नको तिथे, उगवतो.