बायपासनंतर लय बिघडली होती? घरी आल्यावर या चुका टाळा

बायपासनंतर साधारण तिघांपैकी एका पेशंटच्या हृदयाची लय पहिल्या आठवड्यात बिघडते. झडपेचं ऑपरेशन असेल तर प्रमाण आणखी जास्त. बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी मॉनिटरवर एट्रियल फिब्रिलेशन दिसतं: वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि नाडीला ताल उरत नाही. औषधांनी लय ताळ्यावर येते, डिस्चार्ज मिळतो. खऱ्या चुका त्यानंतर होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'लय नॉर्मल झाली, विषय संपला' असं धरून चालणं. ऑपरेशनमुळे आलेली सूज, हृदयाभोवती साचलेलं रक्त आणि शरीरावरचा ताण यांनी वरचे कप्पे चिडतात. सूज ओसरली की बहुतेकांची लय सहा-आठ आठवड्यांत टिकून राहते, हे खरंच. पण ज्यांना हा त्रास झाला, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत तो पुन्हा उद्भवण्याचं आणि पक्षाघाताचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. थरथरणाऱ्या डाव्या कप्प्याला एक पिशवीसारखा कोपरा असतो. तिथे रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. २०२३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तस्रावाचा धोका फार नसेल तर रक्त पातळ करणारं औषध सुमारे ६० दिवस द्यावं आणि मग फेरविचार करावा. म्हणून डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्याच: लय कधी आणि किती वेळ बिघडली होती, कोणती गोळी कधीपर्यंत, आणि पुढचा ईसीजी कोणत्या तारखेला. कार्डावर हे नसेल तर पुढच्या डॉक्टरांना कळायला मार्गच नसतो.

लय ताळ्यावर ठेवणाऱ्या अमिओडॅरोन या गोळीच्या बाबतीत उलटी चूक होते. गोळी काही आठवड्यांसाठी दिलेली असते, पण जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं घेतली जाते. थायरॉइड, यकृत, फुफ्फुसं या तिन्हींना ती त्रास देऊ शकते. गोळी लांबणार असेल तर सुरुवातीला आणि दर सहा महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि यकृताची तपासणी हवी. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी सोबत असेल तर जास्त जपा. अमिओडॅरोनमुळे त्यांचा परिणाम हळूहळू, काही आठवड्यांत वाढत जातो. वॉरफरिनचा डोस बऱ्याचदा ३० ते ५० टक्के कमी करावा लागतो. या काळात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) दर आठवड्याला तपासा. मेकॅनिकल (कार्बन-धातूची कृत्रिम) झडप असेल तर 'आयएनआर नको म्हणून नवी गोळी' हा बदल करूच नका. तिथे डॅबिगॅट्रान या नव्या गोळीने गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याचं चाचणीत दिसलं आहे.

मेथी-पालक बंद करायची गरज नसते. दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात खा, म्हणजे आयएनआर हेलकावे खात नाही. छाती किंवा गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मात्र स्वतःहून घेऊ नका.

मेटोप्रोलॉल ही नाडी मंदावणारी गोळी संपली म्हणून चार दिवस बंद, हेही नेहमीचं. अचानक थांबवल्यावर नाडी उसळते आणि लय पुन्हा बिघडू शकते. थकवा किंवा कमी बीपीमुळे ती नकोशी वाटत असेल तर डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्या. जुलाब झाले, किंवा लघवीची गोळी चालू असेल, तर पोटॅशियम घटून तोच त्रास होतो, तपासून घ्या.

नाडी ऑक्सिमीटरवर पाहू नका. लय अनियमित असताना कमजोर ठोके त्याच्याकडून सुटतात. पाच मिनिटं शांत बसा, तीन बोटं मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चौपट करू नका. ताल तुटतोय आणि आकडा ११० च्या वर राहतोय, तर त्याच दिवशी ईसीजी काढा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा.

धडधड जाणवत नाही म्हणून तपासणी टाळू नका. बऱ्याच जणांना हा त्रास अजिबात कळत नाही, आणि ईसीजीत जेमतेम १० सेकंद दिसतात. साठाव्या दिवसाच्या भेटीत, रक्त पातळ करणारी गोळी बंद करण्याआधी, हॉल्टर (दिवसभर किंवा जास्त वेळ ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावायचा का, हे स्पष्ट विचारा.