शोधनिबंध आणि सायटेशनची नोंद ठेवताना या चुका टाळा

मराठवाड्यातील जैवतंत्रज्ञानाच्या प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या फाइली पाहताना मला वारंवार जाणवते, की काम चांगले असते, निबंधही छापून आलेले असतात, परंतु ते सारे एकाच व्यक्तीचे आहेत हे निबंधांची नोंद ठेवणाऱ्या स्कोपसला किंवा गूगल स्कॉलरला उमगलेले नसते. याचे मूळ बहुधा नावात असते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, जर्नलच्या अर्जात मात्र ते शेवटी अपेक्षित असते. त्यामुळे ‘जाधव सुनीता बाबूराव’ असे नाव जसेच्या तसे भरले, की ‘बाबूराव’ हेच आडनाव ठरते. पुढच्या निबंधात ‘एस. बी. जाधव’ आणि लग्नानंतर सासरचे आडनाव आले, की एकाच बाईंच्या तीन लेखिका होतात. माझ्या एका सहकारी बाईंचे ११ निबंध असेच तीन प्रोफाइलमध्ये विखुरले होते, आणि सर्वाधिक सायटेशन (म्हणजे इतरांच्या निबंधांत संदर्भ म्हणून आलेले उल्लेख) असलेला निबंध नेमका त्यांनी कधी न उघडलेल्या प्रोफाइलमध्ये होता.

म्हणून पहिला निबंध पाठवण्यापूर्वीच नावाचे एक रूप ठरवा आणि २०१२ पासून मोफत मिळणारा १६ अंकी ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख, प्रत्येक अर्जात द्या. प्रोफाइल आधीच विखुरले असेल, तर ते एकत्र करण्याची विनंती स्कोपसकडे विनाशुल्क करता येते. संस्थेच्या नावाचीही तीच गत आहे. १९९४ च्या नामविस्तारानंतरही कोणी नुसते ‘मराठवाडा विद्यापीठ’ लिहितो, कोणी ‘बामू’ (डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे इंग्रजी लघुरूप). त्यात २०२३ मध्ये शहरांची अधिकृत नावे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. जुने निबंध आहेत तसे राहू द्या, नव्यांत मात्र विद्यापीठाने ठरवून दिलेले पूर्ण नावच लिहा.

याच्या उलट चूकही तितकीच गंभीर आहे. गूगल स्कॉलर नामसाधर्म्यावरून दुसऱ्याचे निबंध आपल्या यादीत आपोआप घालतो. आडनाव शिंदे, पवार किंवा कदम असेल तर हे हमखास घडते. सेटिंगमध्ये ‘आधी मला विचारा’ हा पर्याय निवडा आणि परके निबंध काढून टाका. नजरचुकीने राहिले तरी दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर दिसणे योग्य नाही.

आकडे मांडताना स्रोत आणि तारीख दोन्ही लिहा. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधील (जर्नलच्या परीक्षणाआधी खुल्या केलेल्या मसुद्यांतील) उल्लेखही मोजतो, म्हणून तेथील आकडा सहसा स्कोपसपेक्षा मोठा असतो. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेला एच-इंडेक्स (किमान ‘एच’ सायटेशन असलेले ‘एच’ निबंध, अशी सर्वांत मोठी संख्या) हाताने पडताळून पाहा: दहा निबंधांना अनुक्रमे ४१, १८, ११, ९, ७, ५, ४, २, १, ० सायटेशन असतील, तर एकूण ९८ असूनही एच-इंडेक्स ५ च येतो, कारण सहाव्या निबंधाला सहा सायटेशन नाहीत. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधील निबंधांना मिळणाऱ्या सायटेशनची सरासरी) तर जर्नलचा असतो, लेखकाचा नव्हे. सहलेखकांसह छापलेल्या निबंधांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज फाइलवर लिहू नये.

‘यूजीसी मान्यताप्राप्त’ या शिक्क्यावरही विसंबू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाची दर्जेदार जर्नलांची यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, आणि नियतकालिकाला ओळखीसाठी मिळणारा आयएसएसएन क्रमांक ही गुणवत्तेची खूण कधीच नव्हती. दोन दिवसांत स्वीकृती आणि लगेच शुल्काची मागणी आली, तर निबंध तेथे देऊ नका.

सायटेशन का मिळत नाहीत, याचे आपल्या विषयातील एक कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. समजा, लोणारच्या क्षारयुक्त पाण्यातून एक जीवाणू वेगळा केला (लोणार विदर्भात असले तरी आपल्या प्रयोगशाळांना ते जवळचे आहे), त्याचा १६एस अनुक्रम (जीवाणूची ओळख पटवणाऱ्या जनुकाचा डीएनए-क्रम) जेनबँकेत, म्हणजे अशा अनुक्रमांच्या सार्वजनिक संग्रहात दिला आणि निबंध छापून आला. परंतु अनुक्रम प्रकाशनापर्यंत गोपनीय ठेवायला सांगितला होता आणि पुढे कोणी कळवलेच नाही; म्हणून वाचकाने क्रमांक टाकला तर काहीच सापडत नाही. अनुक्रम खुला असला, तरी त्याच्या नोंदीत वर्षानुवर्षे ‘अप्रकाशित’ असेच राहते, त्यामुळे तिथे पोहोचलेला संशोधक निबंधापर्यंत येतच नाही. जीवाणूही चंडीगडच्या एमटीसीसीसारख्या सूक्ष्मजीव-संग्रहात न देता आपल्याच फ्रीजमध्ये राहिला, तर दुसरा कोणी त्यावर काम करणार कसे? निबंध छापून येताच जेनबँकेला ईमेल करून शीर्षक, जर्नल आणि डीओआय (निबंधाचा कायमचा डिजिटल क्रमांक) कळवा, व तीच नोंद महिन्याभराने स्वतः उघडून पाहा.