व्हेरिगेटेड निवडुंगाचा रंग बदलला? आधी हात आवरा, या चुका टाळा

एप्रिलच्या मध्यावर सांगली-मिरजेकडे पारा 40 च्या आसपास घुटमळतो. गच्चीवरचा मून कॅक्टस, म्हणजे हिरव्या काठीवर कलम केलेला लाल-पिवळा गोल निवडुंग, पश्चिमेच्या अंगाने पांढरट पडतो. घरात कुणीतरी म्हणतं, "तहानलंय बिचारं," आणि तांब्याभर पाणी ओतलं जातं. दुसऱ्या दिवशी परत तांब्या. आठवड्याभरात बूड मऊ लागतं आणि झाड कलंडतं. डाग उन्हाचा होता, झाड मात्र पाण्याने गेलं.

व्हेरिगेटेड, म्हणजे अंगाचा काही किंवा सगळा भाग हिरव्याऐवजी पिवळा-लाल असलेल्या, निवडुंगाच्या बाबतीत सगळ्यात जास्त झाडं अशीच जातात. रंग बदलताना दिसला की पाणी, खत, औषध, जागाबदल यांतलं काहीतरी लगेच केलं जातं. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या असतात: रंग नेमका कुठे बदललाय, आणि ती जागा दाबल्यावर कडक लागते की मऊ.

रंग येतो कुठून

पिवळा, गुलाबी, नारिंगी किंवा लाल भाग म्हणजे जिथे हरितद्रव्य नाही किंवा फार कमी आहे असा भाग. हिरवा पडदा बाजूला झाला की खालची रंगद्रव्यं दिसतात. निवडुंगातला लाल-जांभळा रंग बीटातल्या आणि लाल गराच्या ड्रॅगन फ्रूटमधल्या रंगाच्याच कुळातला, म्हणजे बीटालेन. हा रंगीत भाग स्वतःचं पुरेसं अन्न तयार करू शकत नाही आणि उन्हापासून स्वतःला नीट वाचवूही शकत नाही. त्यामुळे अर्धा पिवळा जिम्नोकॅलिशियम (मून कॅक्टसचा गोळा याच प्रजातीतला) अर्ध्या पगारावर घर चालवत असतो. साध्या हिरव्या निवडुंगाला चालणारं ऊन आणि पाणी त्याला चालेलच असं नाही.

पूर्ण लाल किंवा पिवळा मून कॅक्टस तर स्वतःच्या मुळांवर जगतच नाही. अशी हरितद्रव्य नसलेली लाल रोपं 1940 च्या दशकात जपानमध्ये बियांच्या रोपांतून वेगळी काढून कलमावर वाढवली गेली, आणि आजही ती कलमावरच विकली जातात. खालची तिधारी हिरवी काठी बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्या कुळातलीच असते. वरचा गोळा जगतो तो तिच्या जिवावर.

चूक: उन्हाची लाली आणि उन्हाचा चट्टा एकच समजणे

लाली आली असेल तर उन्हाकडची बाजू सगळीच तांबूस-जांभळी होते. कडा स्पष्ट नसतात, रंग हळूहळू विरत जातो आणि साल गुळगुळीत राहते. हे झाडाने स्वतःवर धरलेलं छत्र आहे. थोडी सावली दिली की चार-सहा आठवड्यांत रंग पूर्ववत होतो. काही जातींना अशी लाली शोभतेही, तेव्हा ती घालवायच्या मागे लागू नका.

चट्टा वेगळा दिसतो. आधी पांढरट, मग गव्हाच्या काडीसारखा पिवळट, शेवटी कडक बुचासारखा. तो कधीच परत रंगत नाही. दाबून कडक लागला तर त्याला औषध नको, नुसतं ऊन कमी करा.

आपल्याकडे मे महिन्याइतकीच धोक्याची वेळ ऑक्टोबरची आहे, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. जून ते सप्टेंबर ढगाळ हवेत झाडाची साल कोवळी होते. पाऊस उघडला की एकदम कडक ऊन पडतं आणि दोन-तीन दिवसांत चट्टे उठतात. म्हणून नवरात्राच्या सुमाराला 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट लावून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत सकाळचं ऊन हळूहळू वाढवत न्या. सुरुवात अर्ध्या तासापासून. दुपारी 11 ते 4 या वेळेत व्हेरिगेटेड झाड उघड्यावर नकोच.

कुंडी बदलताना आणखी एक चूक होते. झाड फिरतं आणि कधी ऊन न पाहिलेली बाजू थेट नैर्ऋत्येकडे येते. कुंडी हलवण्याआधी उन्हाकडच्या काठावर खडूने खूण करा.

चूक: हिरवा होतोय म्हणून खूश होणे

पट्टेरी निवडुंगात हिरव्या पेशी आणि रंगीत पेशी शेजारी शेजारी राहतात. हिरव्या जास्त अन्न करतात, त्यामुळे जास्त वेगाने वाढतात. एखादी धार (अंगावरचा उभा कंगोरा) पूर्ण हिरवी झाली की तिचा पट्टा दर वर्षी रुंदावतो आणि शेवटी शेंड्यावर कब्जा करतो. ऊन वाढवून किंवा खत थांबवून गेलेला पट्टा परत येत नाही, कारण बदल शेंड्याच्या पेशींत झालेला असतो.

बाजूला आलेलं पूर्ण हिरवं पिल्लू लहान असतानाच पिळून काढा. शेंडाच हिरवा झाला असेल तर वरचा 1 ते 2 सेंटिमीटर भाग आडवा कापा. काप कोरडा झाला की काट्यांच्या गादीतून नवी पिल्लं फुटतात. रंगीत आणि हिरव्या भागाच्या सीमेवरच्या गादीतून आलेली पिल्लं ठेवा, बाकीची काढून टाका. सीमेवरच्या पिल्लाकडे दोन्ही प्रकारच्या पेशी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. पावसाळ्यात काप ओला राहतो आणि कुजतो.

उलटही घडतं. एखादं पिल्लू पूर्ण पिवळं येतं आणि कौतुकाने कुंडीत लावलं जातं. त्याला मुळं फुटली तरी पोट भरणार नाही, त्याचं कलमच करावं लागेल.

चूक: कलमाची काठी न बघणे

मून कॅक्टसचा वरचा गोळा फिका पडला, आक्रसला, धारा खोल गेल्या की लोक गोळ्यालाच औषध मारत बसतात. बघायची ती काठी. ती पिवळी पडली असेल, लाकडासारखी झाली असेल किंवा सांध्याजवळ काळी रेघ दिसत असेल, तर वर अन्न पोचत नाही. अशी कलमं बहुधा काही वर्षांचीच सोबती असतात. गोळा अजून टणक असेल तर नव्या काठीवर बसवता येतो.

आणि इथे सांगलीकरांची सोय आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागा आहेत, छाटणीत निघालेले फाटे सहज मिळतात. कोवळा पण भरलेला 15 सेंटिमीटरचा तुकडा घ्या, 5 ते 7 दिवस सावलीत वाळवा, 4 सेंटिमीटर खोल लावा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतो.

कलम करताना काठी आडवी सपाट कापा आणि तिन्ही धारांच्या कडा तिरक्या तासा. हे तासणं टाळलं तर साल आणि गर वेगवेगळे आक्रसतात आणि गोळा वर उचलला जातो. बहुतेक फसलेली कलमं इथेच फसतात. आता कापाकडे जवळून बघा: ओलसर हिरव्या गराच्या मधोमध फिकट, किंचित चकाकणारं एक कडं दिसेल. गोळ्याच्या तळाच्या कापातही तसंच कडं असतं. दोन्ही कडी निदान एका ठिकाणी एकमेकांवर आली पाहिजेत. काठीचं कडं लहान आणि गोळ्याचं मोठं असेल तर गोळा थोडा बाजूला सरकवून बसवा. बरोबर मध्यावर ठेवला तर लहान कडं मोठ्याच्या पोकळीत राहतं आणि सांधा जुळत नाही. गोळा हलकेच फिरवून मधली हवा काढा, दोन रबरबँड कुंडीखालून आडवे-उभे घाला, 7 ते 10 दिवस सावलीत ठेवा. सांध्यावर पाण्याचा थेंब पडू देऊ नका.

साताऱ्याच्या वरच्या भागात थंडीही काठी अशीच बिघडवते. ही काठी उष्ण प्रदेशातली. पारा 10 अंशांखाली गेला की तिच्यावर पिवळट, पाणचट ठिपके येतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या बाजूला तर काही रात्री दवबिंदू गोठतात, तिथे डिसेंबर-जानेवारीत मून कॅक्टस रात्री घरातच हवा आणि माती कोरडी हवी.

चूक: आरओचं टाकाऊ पाणी कुंडीत

पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगली, पण आरओच्या टाकाऊ नळीतल्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. कृष्णाकाठची क्षारपड जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना कुंडीच्या काठावरचा पांढरा थर ओळखीचा वाटेल. असं पाणी किंवा बोअरचं जड पाणी वर्षभर घातलं की माती अल्कधर्मी होते, लोह मुळांना मिळत नाही आणि शेंड्याकडचा हिरवा भाग पिवळसर पडतो. लोकांना वाटतं, रंग वाढला! खरा पट्टा धारेच्या रेषेत, ठळक कडांचा असतो. हा पिवळेपणा शेंड्याच्या सगळ्या नव्या वाढीवर सारखा पसरतो.

पावसाचं साठवलेलं पाणी किंवा एसीचं पाणी वापरा. माती दर दोन वर्षांनी बदला: दोन भाग 3 ते 6 मिलिमीटरची धुतलेली बारीक खडी, एक भाग विटांचे तुकडे किंवा परलाईट, एक भाग चाळलेलं गांडूळ खत. खत द्यायचंच तर 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा. पिकाच्या हिशेबाने टाकू नका.

चूक: पुसणे, चोळणे, फवारणे

मायर्टिलोकॅक्टससारख्या निवडुंगांवर निळसर मेणाचा थर असतो. कापडाने पुसला किंवा साबण-निंबोळी तेल मारलं की तो निघतो आणि तिथे हिरवे ठसे उमटतात. त्या जागी थर परत येत नाही.

शेंड्याजवळ बारीक तांबूस-करडी झाक आणि भिंगातून कोळिष्टक दिसलं तर तो लाल कोळी. तासगावकडच्या द्राक्ष बागायतदाराच्या घरात पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक असतंच. ते लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळी. तापमान 32 अंशांवर असेल तर मारू नका, गंधकच साल जाळेल. निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. पिठ्या ढेकणाला फवारणी नको, कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन एकेक टिपा आणि सात दिवसांनी परत बघा.

बुडाकडून वर चढणारा तपकिरी, कडक, कोरडा थर म्हणजे वय. त्याला हात लावू नका.

इथे मात्र घाई करा

डाग पाणचट, उकडल्यासारखा पारदर्शक, आणि आइसक्रीमच्या काडीने दाबल्यावर आत जाणारा असेल तर त्याच दिवशी कापायचं. खालून वर चकत्या काढत जा. दर कापाला पातं पुसा. मधल्या कड्यात नारिंगी-तपकिरी ठिपके दिसेनासे होईपर्यंत थांबू नका. एक ठिपका राहिला तरी कूज परत वर चढते. शेवटच्या कापावर गंधकाची पूड लावा आणि सावलीत 7 ते 14 दिवस वाळवा. हिरवा भाग पुरेसा असेल तर मुळं धरेल. रंगीतच जास्त असेल तर लगेच कलम करा.

पात्याबद्दल एक महत्त्वाचं. कॅक्टस व्हायरस एक्स हा निवडुंगाचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर पात्यावरच्या रसातून जातो, आणि विषाणूसाठी नुसत्या स्पिरिटवर भिस्त ठेवता येत नाही. प्रत्येक झाडाला दाढीचं नवं ब्लेड घ्या किंवा पातं ज्योतीवर धरून गार करा. सालीवर पुसट, कडा नसलेले, धारेशी न जुळणारे फिके डाग असलेलं रोप कुणी दुर्मीळ व्हेरिगेटेड म्हणून देत असेल तर घेऊ नका.

रस्त्यावरच्या गाड्यांवरचे झगझगीत निळे, जांभळे निवडुंग बहुतेक वेळा रंग फवारलेले असतात. घरी आणल्यावर शेंड्यातून हिरवी वाढ दिसू लागली तर झाड बिघडलेलं नाही, ते रंगाच्या थरातून बाहेर पडतंय. खरवडून काढायला जाऊ नका, साल फाटेल.