हातच्याची वजाबाकी मुलांना कशी शिकवायची

दुसरी-तिसरीतल्या मुलाला ५२ वजा २७ दिलं की बऱ्याचदा उत्तर येतं ३५, आणि आपण लगेच म्हणतो लक्ष कुठंय तुझं. पण नीट बघा, ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३, म्हणजे पोराने मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढलाय, त्याचा एक नियम आहे फक्त तो चुकीचा आहे. त्याला ५२ ही एक संख्या दिसतच नाहीये, ५ आणि २ असे सुटे आकडे दिसतायत. अशा वेळी पानभर उदाहरणं देऊन काही होत नाही, उलट चुकीचीच सवय पक्की होते.

आधी एक तपासा, पंचवीस म्हटल्यावर २५ लिहितो की ५२? मराठीत एकक आधी बोलतो ना आपण, म्हणून उलटं लिहिणारी मुलं खूप असतात. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आणलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण अडचण खरी आहे. घरी दोन्ही म्हणून घ्या, काही बिघडत नाही.

मग वही बाजूला ठेवून काड्या घ्या, आइस्क्रीमच्या, खराट्याच्या, कुठल्याही. दहा-दहाचे गठ्ठे मुलालाच मोजून बांधू द्या, रबर लावून. आयते गठ्ठे दिले तर आत दहा आहेत हे त्याच्या हाताला कळतच नाही. आता ५ गठ्ठे आणि २ सुट्या ठेवा आणि म्हणा, यातल्या २७ मला दे. २ गठ्ठे देईल, २ सुट्या देईल आणि अडकेल. इथे गप्प बसा प्लीज, सांगून टाकायचा मोह होतो पण थोडा वेळ दिला की बरीच मुलं स्वतःच एक रबर काढतात. पुन्हा पहिल्यापासून मांडा, एक गठ्ठा सोडा, झाले ४ गठ्ठे आणि १२ सुट्या, आता विचारा काड्या कमी झाल्या का? परत मोजायला लागला तर मोजू द्या, ५२ म्हणजेच ४० आणि १२ हे त्याला स्वतःला पटायला हवं.

यानंतरच वही, तीसुद्धा काड्या समोर ठेवून. गठ्ठा सोडला की ५ खोडून ४, आणि २ च्या जागी १२. तोंडाने "एक दशक सुटा केला" म्हणायला लावा.

मधे शून्य आलं की, उदा. ४०२ वजा १७८, भलीभली मुलं गोंधळतात. इथे खेळण्यातल्या नोटा बेस्ट. शंभराच्या ४, दहाची एकही नाही, एकाची २ नाणी. शंभराची एक मोडून दहाच्या १०, त्यातली एक मोडून एकाची १० नाणी, म्हणजे ३ शतक, ९ दशक, १२ एकक. तो ९ कुठून आला हे नोटांशिवाय समजावणं फार कठीण आहे. उत्तर २२४.

उत्तर तपासायला दुकानदारासारखं पुढे मोजायला शिकवा, २७ ला ३ दिले ३० झाले, २० दिले ५०, अजून २ म्हणजे ५२, एकूण २५. काही मुलांना हीच पद्धत जास्त जमते, तर करू देत की. आणि काड्या काढून घेण्याची घाई नको, मूल आपोआप त्यांच्याकडे बघायचं सोडतं.