आपोआप रीस्टार्ट होणारा फोन: दोष नेमका कुठे आहे हे कसे शोधावे

स्मार्टफोन वापरता वापरता मध्येच बंद पडून स्वतःहून पुन्हा सुरू होऊ लागला, की बहुतेक जण लगेच फॅक्टरी रीसेट करून मोकळे होतात. हा उपाय सर्वांत महागाचा आहे, कारण त्यात फोनमधला सगळा मजकूर पुसला जातो, आणि दोष बॅटरीत किंवा बटणात असेल तर दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा तेच करतो. म्हणून रीसेट शेवटी ठेवावा. फोन चालू आहे तोवर फोटो, संपर्क आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्यावा आणि मग तपासाला लागावे.

तपासाची सुरुवात निरीक्षणाने करावी. फोन बंद पडला त्या वेळी बॅटरी किती टक्के होती, फोन गरम झाला होता का, तो चार्जिंगला लावलेला होता का आणि कोणते अ‍ॅप उघडे होते, या चार गोष्टी दोन दिवस कागदावर टिपून ठेवल्या, तर दोष कोणत्या दिशेला आहे हे बहुधा त्या नोंदींतूनच दिसते. फोन आठवड्यातून एखाद्याच वेळी, तोही पहाटे रीस्टार्ट होत असेल तर तो दोष नसण्याचीच शक्यता अधिक असते. सॅमसंगसह अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये ठरावीक वेळी आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते. शिवाय आयफोन आणि अलीकडचे अनेक अँड्रॉइड फोन सलग तीन दिवस लॉक राहिले तर सुरक्षेसाठी स्वतःहून रीस्टार्ट होतात.

यानंतर सर्वांत सोपी तपासणी करावी, ती म्हणजे कव्हर काढून फोन वापरून पाहणे. घट्ट कव्हरमुळे पॉवरचे बटण सतत दाबलेले राहते, आणि पुष्कळ फोन असे आहेत की ते बटण काही सेकंद दाबून धरले की ते सक्तीने रीस्टार्ट होतात. बटणाच्या कडेला धूळ किंवा घामाचा थर साचून ते आत अडकत असेल, तरीही हेच घडते. बटण दाबल्यावर ‘टक’ असा स्पष्ट आवाज येऊन ते लगेच वर येते का, हे बोटाने नीट तपासावे.

बॅटरीकडे मात्र सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण दोन-तीन वर्षे वापरलेल्या फोनमध्ये पहिला संशय तिच्यावरच घ्यावा लागतो. लिथियम-आयन बॅटरी जुनी होत जाते तसा तिचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज बाहेर पडताना आतून होणारा अडथळा, वाढतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश लागतो किंवा जड गेम सुरू होतो, तेव्हा फोन एकदम जास्त वीज मागतो. त्या क्षणी व्होल्टेज खाली घसरते आणि पडद्यावर ४० टक्के दिसत असतानाही फोन बंद पडतो. सुरू झाल्यावर तोच आकडा एकदम १० टक्क्यांवर आलेला दिसला, तर बॅटरीच दोषी आहे असे जवळजवळ निश्चित समजावे. अ‍ॅपलने २०१७ मध्ये जुन्या आयफोनचा वेग कमी करणारी जी सुधारणा आणली आणि जिच्यावरून मोठा वाद झाला, तीही फोन असे अचानक बंद पडू नयेत म्हणूनच होती. आयफोनमध्ये सेटिंग्जच्या बॅटरी विभागात बॅटरीची उरलेली क्षमता दिसते. ती ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर बॅटरी बदलण्याचा विचार करावा. चार्जरला लावलेला असताना फोन व्यवस्थित चालतो आणि काढला की बंद पडतो, हीसुद्धा त्याच दोषाची खूण आहे. पाठीमागचे झाकण किंवा पडदा कडेने उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे असे समजून फोन तत्काळ बंद करावा, चार्जिंगला मुळीच लावू नये आणि झाकण दाबून बसवण्याचा प्रयत्नही करू नये.

बॅटरी ठीक वाटत असेल तर अ‍ॅप तपासावीत. बहुतेक अँड्रॉइड फोनवर बंद करण्याचा पर्याय बोटाने दाबून धरला की सेफ मोडमध्ये जाण्याविषयी विचारणा होते. काही फोनवर सुरू होताना आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरावे लागते. या स्थितीत आपण नंतर घेतलेली अ‍ॅप चालत नाहीत. सेफ मोडमध्ये दिवसभर फोन एकदाही रीस्टार्ट झाला नाही, तर अलीकडे घेतलेली अ‍ॅप एकेक करून काढावीत, आणि प्ले स्टोअरच्या बाहेरून घेतलेली सर्वांत आधी काढावीत. मेमरी कार्ड असल्यास तेही काढून पाहावे. साठवणुकीची जागा गच्च भरली असेल तर ती मोकळी करावी आणि प्रलंबित अपडेट करून घ्यावेत.

एवढे करूनही फरक पडला नाही, तरच रीसेट करावा. त्याआधी गुगल खात्याचा पासवर्ड आठवतो याची खात्री करून घ्यावी, नाहीतर काही परिस्थितींत फोन पुन्हा सुरू करताना त्या खात्यावरच अडतो. रीसेटनंतर सगळी अ‍ॅप लगेच परत न घेता, एक दिवस फोन आहे तसाच वापरावा, कारण ही परीक्षा फार मोलाची आहे: कोऱ्या फोनवरही रीस्टार्ट होत राहिले तर दोष बॅटरीत किंवा बोर्डमध्ये, म्हणजे फोनच्या आतल्या मुख्य सर्किटमध्ये, आहे, अ‍ॅपमध्ये नाही. फोन पूर्वी पडला असेल किंवा पावसात भिजला असेल तर बोर्डचा संशय अधिक बळावतो. अशा वेळी दुरुस्तीच्या दुकानात ‘सॉफ्टवेअर मारून देतो’, म्हणजे ते नव्याने टाकून देतो, असे सांगितले गेले, तर त्यासाठी पैसे देण्याआधी चांगली बॅटरी लावून आणि बोर्ड किती वीज खेचतो हे मोजून दाखवण्यास सांगावे. वॉरंटी शिल्लक असल्यास मात्र फोन बाहेर कुठेही न उघडता थेट कंपनीच्या सेवाकेंद्रात न्यावा आणि तिथे आपल्या निरीक्षणांचा तो कागदही दाखवावा.